नारिंगी कडेची गोगलगाय

माझ्या मामाचं नाव एका गोगलगायीला दिलेलं होतं. होतं म्हणते, कारण गेल्या वर्षी ते काढून घेतलं. माणसाची पदवी काढून घेतात, खुर्ची काढून घेतात, हे आपण ऐकलेलं असतं. पण बोटाच्या नखाएवढ्या गोगलगायीवरून कुणाचं नाव उतरवायची वेळ येईल, असं आमच्या घरात कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

ही गोगलगाय बागेतली नव्हे. समुद्रातली, उबदार पाण्यातली, पाठीवर शंख नसलेली. पांघरायला काही दिलं नाही म्हणून की काय, निसर्गाने या जातीवर रंगांची खैरात केली आहे. जांभळ्या, पिवळ्या, ठिपक्यांच्या, पट्ट्यांच्या. पुढे दोन इवलीशी शिंगं, मागे कल्ल्यांचा तुरा. पण फॉर्मेलिनच्या बाटलीत घातली की दोन दिवसांत सगळा रंग उतरतो. मामा ज्या समुद्रजीव संग्रहालयात नोकरीला होता तिथे अशा नऊशे बाटल्या होत्या, आणि सगळ्यांत सोललेल्या लसणाच्या पाकळ्या ठेवल्यासारखं दिसायचं. यातली कुठली निळी होती आणि कुठली लाल, हे कळायला एकच आधार होता, मामाची चित्रं.

नोकरी मात्र चित्रकाराची नव्हती. कागदोपत्री तो बाटल्या धुणारा आणि भरणारा. चित्रकाराची जागा रिकामी होती ती रिकामीच राहिली, मामाचा हात बरा म्हणून काम त्याच्या गळ्यात पडलं आणि हुद्दा बाटल्यांचाच राहिला. सगळे त्याला रंगारी म्हणायचे. एका नव्या संचालकाला ते खरंच वाटलं आणि त्याने मामाला फाटक रंगवायला सांगितलं. मामाने दोन हात देऊन रंगवलं आणि कुठल्या बाजूचा रंग आधी उडेल तेही लिहून ठेवलं. मला हे ऐकून संताप यायचा. मामाला नाही यायचा. त्याच्या वाटचा संताप आम्हा बाकीच्यांनाच करावा लागायचा.

त्याचे नियम मात्र लोखंडी. गोगलगाय संग्रहालयात आली की पहिल्या तासात चित्र. दिव्याच्या उजेडात नाही, खिडकीच्याच. चिनीमातीच्या पांढऱ्या बशीत, समुद्राच्याच पाण्यात. आणि चित्राच्या मागे पेन्सिलीने वेळ, उजेड, भांडं. "तासानंतर ती घाबरून मलूल होते," तो म्हणायचा, "मग आपण तिचा रंग काढत नाही, तिची भीती काढतो."

आई गेल्यावर मी मामा-मामीकडेच वाढले. मामी दिवसभर एका शिवणकामाच्या कारखान्यात असायची, म्हणून शाळा सुटली की माझी रवानगी संग्रहालयात. तिथे मी अभ्यास करायचे, म्हणजे स्टुलावर बसून पाय हलवायचे. नऊ वर्षांची असताना एकदा पाय हलवता हलवता मी ती पांढरी बशी खाली पाडली. तिचे किती तुकडे झाले ते मोजण्यात अर्थ नव्हता.  मामाने केरसुणी आणली, तुकडे भरले आणि नव्या बशीसाठी अर्ज लिहिला. तो अर्ज ज्या गतीने गेला त्या गतीपुढे आमच्या बाटल्यांतल्या गोगलगायी धावपटू ठरल्या असत्या. नवी बशी यायला अकरा महिने लागले.

"उद्या येताना घरून एखादी पांढरी ताटली आण," मामा म्हणाला. "तेवढ्यापुरती."

मी आणली. एनॅमलची, पांढरीशुभ्र, खोलगट. काठाला बोटभर नारिंगी पट्टा. माझी जेवायची ताटली होती ती.

त्या अकरा महिन्यांतच ती गोगलगाय आली. आणली पाणबुड्याने. हा खडकांच्या खाडीत बुडी मारून संग्रहालयाला जीव पुरवायचा, आणि पाण्याबाहेर आला की मिनिटभरही तोंड बंद ठेवायचा नाही. त्या दिवशी मात्र तो गप्प उभा राहिला. मामाने भिंग लावलं. जांभळट निळं अंग, पाठीवर तीन पांढऱ्या रेघा, आणि अंगाच्या पातळ झालरीला सगळीकडून फिकट नारिंगी कड. ती ताटलीच्या काठाशी सरकत सरकत गेली आणि तिथेच थांबली. गोगलगायी नेहमी काठालाच जातात. मामाने चाळीस मिनिटांत चित्र काढलं. मी शेजारी उभी होते. त्याच्या कपाळावरचा घाम कागदावर पडू नये म्हणून मी माझ्या फ्रॉकने पुसत होते.

निळ्या अंगाची, तीन रेघांची गोगलगाय जगाला ठाऊक होती. तिची झालर बिनरंगी, काचेसारखी. नारिंगी कडेची मात्र कुणी पाहिलेली नव्हती. चित्र आणि बाटली मोठ्या शास्त्रज्ञांकडे गेली, वर्षभराने पत्र आलं. नवी जात. आणि ज्याने ती रेखाटली त्याचं आडनाव लॅटिनच्या साच्यात घालून तिच्या नावाला जोडलेलं. मामाने ते पत्र चौकटीत बसवून बाहेरच्या खोलीत लावलं. मामी म्हणाली, "चला, घराण्याचं नाव काढलं एकदाचं. तेही गोगलगायीने."

पुन्हा तशी दुसरी कधी सापडली नाही. मामा दर ओहोटीला पाणबुड्याला विचारायचा. मग निवृत्त झाला, तरी विचारायचा. त्या पत्राची काच दर रविवारी पुसायचा.

मी मोठी होऊन रंगाच्या दुकानात लागले. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा आणतं, मी तसा रंग कालवून देते. मामाच्या हाताखाली डोळा तयार झाला होता, तो तिथे उपयोगी पडला. एक बाई आठवड्यात तीनदा भांडायला आल्या होत्या. पांढरा म्हणून दिलेला रंग भिंतीवर गुलाबी दिसतोय, पैसे परत करा. शेवटी मी त्यांच्या घरी गेले आणि खिडकीचा लाल पडदा काढून ठेवला. भिंत पांढरी झाली. "अहो, भिंत पांढरीच आहे, पडदा लाल आहे," म्हटलं. घरी येऊन मी हा किस्सा मामाला हसत हसत सांगितला. तोही हसला. आम्ही दोघंही हसलो, याचं मला आज नवल वाटतं.

दोन वर्षांपूर्वी दूरच्या एका संग्रहालयातल्या अभ्यासक बाई आल्या. जगातल्या या सगळ्या गोगलगायींची नवी यादी त्या करत होत्या. बोलायला अतिशय मऊ. तेवढ्यानेच मला धोका कळला. त्यांनी बाटली पाहिली. आत लसणाची पाकळी. फॉर्मेलिनमध्ये बुडवून ठेवलेल्या जिवावरून आता कसलीच तपासणी होत नाही. चित्र पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"चित्र सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "पण बाकी सगळं त्या जुन्या जातीशी जुळतं. फक्त कड. आणि कडेला पुरावा फक्त चित्राचा आहे. कदाचित रंग पाहताना..."

"माझे डोळे?" मामा म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी तो डोळ्यांच्या दवाखान्यात गेला. रंगीत ठिपक्यांत लपवलेले आकडे घडाघडा वाचले, डॉक्टरांकडून तसं लिहून घेतलं आणि सत्तराव्या वर्षी परीक्षेत पहिला आल्यासारखा तो कागद बाईंच्या पुढ्यात ठेवला. बाई हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. "मला कुणाचं नाव पुसायची हौस नाही," त्या म्हणाल्या. "यादी आठ महिन्यांनी छापायला जाईल. तोवर एक जिवंत दाखवा. एकच."

मग सुरू झाला तो शोध. मामाला पाण्यात उतरणं शक्य नव्हतं, त्यामुळे सगळी मदार पाणबुड्यावर. आणि पाणबुड्या आता कुठे कामाला होता? त्याच खाडीत, नव्या धक्क्याच्या कंत्राटदाराकडे. पाण्यात दगड कुठे पडतायत ते बघायचं काम. "भाऊ, मी पोटासाठी खाडी बुजवतोय आणि तुमच्यासाठी त्याच खाडीत शोधतोय," तो म्हणायचा. "माझ्यासारखा येडा तुम्हाला दुसरा मिळायचा नाही." जेवणाच्या सुट्टीत तो बुडी मारायचा. गढूळ पाणी, वरून गाळ, खालचे स्पंज गुदमरून करडे पडलेले. ही गोगलगाय एका जातीच्या स्पंजावरच जगते. तो मेला की तीही मेली.

मामा रोज किनाऱ्यावर पत्र्याच्या कुंपणाबाहेर उभा राहायचा, हातात झाकणाची बरणी. कुंपणावरचा पहारेकरी त्याला ओळखायला लागला होता, आत सोडत मात्र नव्हता. सातवा महिना संपला तेव्हा खाडीचा एकच कोपरा उरला होता. मी मामाला म्हटलं, "पुरे आता. राहिलं तर राहिलं, गेलं तर गेलं. आपल्याला कुठे त्या नावावर दुकान काढायचंय?" तो माझ्याकडे बघून म्हणाला, "बाकी माझं काय आहे गं?"  मामीने माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून भांडी घासायला लागले.

आणि सापडली. कोपरा बुजायच्या चार दिवस आधी पाणबुड्या भर दुपारी ओल्या कपड्यांनीच दुकानात आला. "पोरी, चल," एवढंच म्हणाला. डबा छातीशी धरलेला. मी गिऱ्हाइकाला अर्ध्या कालवलेल्या रंगासकट तसंच सोडलं.

वाटेत मामाला बरोबर घेऊन आम्ही संग्रहालय गाठलं. तिथे त्याला सगळे ओळखत. खिडकीजवळचं टेबल मोकळं करून दिलं. पांढरी बशी, समुद्राचं पाणी. मामाने भिंग लावलं. मी त्याचा हात पाहत होते. तो स्थिर होता, मग हळूहळू खाली आला.

जांभळट निळं अंग. तीन पांढऱ्या रेघा. आणि झालर काचेसारखी स्वच्छ.

"तास चालू आहे," मामा म्हणाला. "वेळ लिही." आणि त्याने चित्र काढलं. जसं दिसलं तसं, कडेला रंग न लावता. पाणबुड्या खिडकीशी तोंड करून उभा राहिला. ब्रश धुताना मामा म्हणाला, "ही ती नाही. ही तिची बहीण. दोन्ही एकाच खाडीत राहात असतील." त्याच्या आवाजात अजून आशा होती, आणि ती मला ऐकवत नव्हती. चार दिवसांत कुठल्या खाडीत कोण राहणार होतं?

मग त्याने तुलनेसाठी जुनं चित्र कपाटातून काढलं. दोन्ही शेजारी ठेवली. जुनं उलटलं. मागे त्याच्याच बारीक अक्षरात वेळ, उजेड खिडकीचा. आणि खाली, भांडं: घरची ताटली.

"घरची म्हणजे कुठली गं?" त्याने विचारलं.

मला त्या क्षणी लाल पडद्याची बाई आठवली.  "आठवत नाही," मी म्हटलं.

त्याला माझ्या उत्तराची गरज नव्हती. गोगलगाय पाण्यासकट बरणीत घालून तो घरी निघाला. आम्ही दोघं मागोमाग. मामी घरीच होती, मटार सोलत बसली होती. मटारांची सालं तिने ज्या ताटलीत टाकली होती ती माझीच ताटली. इतक्या वर्षांत तिचा एक टवकासुद्धा उडाला नव्हता.

मामाने सालं कागदावर ओतली. ताटली धुतली, पुसली, खिडकीत ठेवली, बरणीतलं पाणी ओतलं आणि गोगलगाय अलगद सोडली. ती थोडा वेळ मधेच थांबली. मग शिंगं बाहेर काढून, आपल्याला कुठे जायचंय ते पक्कं ठाऊक असल्यासारखी, काठाकडे निघाली. उतारावर पोचली. खिडकीचा उजेड नारिंगी पट्ट्यावर पडला होता, आणि तिच्या काचेच्या झालरीला सगळीकडून एक फिकट, सुंदर नारिंगी कड आली.

"अहो, आली की!" मामी ओरडली. "हीच ना ती?"

"हीच," मामा म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. खोटं नाही सांगत, एक क्षणभर तो फक्त आनंदात होता. इतक्या वर्षांनी ती त्याला पुन्हा दिसली होती, त्याने काढली होती हुबेहूब तशी. त्याचे डोळे चुकले नव्हते. त्याने समोर दिसलं तेच काढलं होतं. मग त्याने ताटलीच्या काठावर आपला हात आडवा धरला. कड गेली. हात काढला, कड आली. पुन्हा धरला. 

मामा खुर्चीवर बसला. मग म्हणाला, "त्या अकरा महिन्यांत मी एक्केचाळीस काढल्या. सगळ्या यातच."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी एका नावाचा विचार करत होते. त्या वर्षीच्या चित्रांत बऱ्याच जिवांच्या कडा जरा उबदार रंगाच्या होत्या. तेव्हाच्या संचालकाने त्यावर, पाणी तापल्यामुळे असं होत असावं, असा एक लेखसुद्धा लिहिला होता. आता त्यातलं त्या जिवांचं किती आणि माझ्या ताटलीचं किती, हे सांगणार कोण? बाटल्यांत लसणाच्या पाकळ्या. आणि खाडीत दगड. एक्केचाळीस जिवांचे रंग या जगातून गेले होते आणि ते परत मिळण्याची कुठलीही वाट नव्हती.

"चूक माझी," मामा म्हणाला. "मी तळ बघितला. काठ बघायला हवा होता."

"अहो, पण भांडंच मिळालं नाही त्याला तुम्ही काय करणार?" मामी म्हणाली.

"तेही खरंच." त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत दोष नव्हता, फक्त थोडा आधार हवा होता. "घरात तेव्हा दुसरी पांढरी ताटली नव्हतीच ना गं?"

होती. मांडणीवर, माझ्या ताटलीच्या खालीच, साधी, कडेला काहीही नसलेली, मामीची. मला सगळं लख्ख आठवतं. मी ती उचलली होती आणि परत ठेवली होती. संग्रहालयात काचेच्या कपाटांमध्ये माझी ताटली असावी, तीच छान आहे, असं मला वाटलं होतं. नऊ वर्षांच्या मुलीला वाटतं तसं.

"नव्हती," मी म्हटलं.

मामी मटार सोलत होती. तिचा हात थांबला. तिने वर मान करून माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा मटार सोलायला लागली.

चौथ्या दिवशी शेवटचा कोपरा बुजला. मामा त्या दिवशी कुंपणापाशी गेला नाही. त्या आठवड्यात त्याने एक्केचाळीस चित्रांच्या मागे एकेक करून पेन्सिलीने लिहिलं: रंगांवर विसंबू नये. खाली सही आणि तारीख. अभ्यासक बाईंना पत्रही त्यानेच लिहिलं, सगळं सविस्तर, ताटलीचं चित्र काढून, पट्ट्याची रुंदी देऊन. बाईंचं उत्तर आलं. त्यांनी लिहिलं होतं की असा प्रामाणिकपणा विरळा, आणि उरलेली सगळी चित्रं अमूल्य आहेत. मामाने ते वाचून घडी घातली. "उरलेल्यांचं तरी कशावरून?" तो म्हणाला. "बशी पांढरी होती. पण माझा सदरा कुठल्या रंगाचा होता?"

त्यानंतर त्याने ब्रश धरला नाही. शेजारची मुलं अधूनमधून शिंपले घेऊन येतात, चित्र काढून द्या म्हणतात. तो त्यांना शिंपला उन्हात कसा धरायचा ते दाखवतो आणि परत पाठवतो. भिंतीवरची चौकट त्याने स्वतः उतरवली. तिथे भिंतीचा जुना रंग चौकोनी उरलाय. मी नवा रंग देते म्हटलं तर नको म्हणाला.

यादी गेल्या वर्षी आली, जाड पुस्तक. मामाचं नाव त्यात एकदाच आहे, बारीक अक्षरात. त्यापुढे लिहिलंय: रद्द. कारण, चित्रकाराची चूक. मामाने त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि "बरोबर आहे" म्हणाला. मी शेजारीच होते. त्याच वेळी सांगता आलं असतं. अजूनही सांगता येईल, तो आहे, ऐकू चांगलं येतं त्याला. पण सांगून काय होणार? नाव परत येणार नाही, एक्केचाळीस जणींपैकी एकीचाही रंग कळणार नाही. आणि मला धीर होत नाही, हे खरं कारण.

दर रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला जाते. मामीने ती ताटली टाकली नाही. सालं टाकायला आता दुसरी काढलीय. या नारिंगी पट्ट्याच्या ताटलीत ती मला वाढते, आणि मी संपवेपर्यंत समोर बसून राहते.